तिलिस्माची पाटी

भीतीच्या गोष्टी लिहिणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात. त्या वाचणाऱ्यांनी काय सोसले, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. आम्ही नाशिक जिल्ह्यातल्या ओझरचे. १९६४ साली येथे मिग विमानांचा कारखाना आला. याच गावात उर्दू शाळेतले मूल घरी जिन्न आणि चुडैल ऐकते, गल्लीत मुंजा आणि हडळ. त्याच्याकडे भीतीचे दोन खजिने आहेत आणि दोन्ही घरांतून एकच दटावणी मिळते : 'असले वाचू नकोस!'

ही दटावणी जुनी आहे. डेप्युटी नझीर अहमद यांची 'तौबतुन्नसूह' ही कादंबरी १८७४ ची. तिच्यात तौबा केलेला बाप नसूह हा थोरल्या मुलाची, कलीमची, किताबे जाळून टाकतो. त्यांत किस्से होते, शायरीही होती. कादंबरीला इंग्रज सरकारचे इनाम मिळाले. म्हणजे घरातला बाप आणि गोरा साहेब, दोघांचेही मत एक : अशा पुस्तकांनी मूल बिघडते.

वाचकांनी यावर वाद घातला नाही, पुस्तके विकत घेतली. १८८३ पासून लखनौच्या नवल किशोर छापखान्याने मुहंमद हुसेन जाह यांचे 'तिलिस्म-ए-होशरुबा' छापायला घेतले. पुढचे खंड अहमद हुसेन कमर यांनी लिहिले. 'दास्तान-ए-अमीर हमजा'चा सारा पसारा ४६ खंडांवर गेला. गिऱ्हाईक नसते तर कोणत्या छापखान्याने एवढा कागद खर्ची घातला असता?

या दास्तानीत जादूगार बादशहा अफरासियाबचे राज्य आहे. तिलिस्म नुसत्या तलवारीने फुटत नाही. त्यासाठी 'लौह' लागते. लौह म्हणजे पाटी. पुढचे पाऊल कोठे टाकायचे ते तिच्यावर लिहिलेले असते. वीराने पाटी वाचली तर तो वाचतो. न वाचता पुढे गेला की अडकतो. आम्हा शिक्षकांना याहून चांगला दृष्टांत कोठे मिळणार?

मराठी वाचकालाही हे जग परके नव्हते. १८६० च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या आणि बगदादचा जिन्न पुण्याच्या वाड्यात वावरू लागला. पुढे शंभर वर्षांनी नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी नवा वाचक घडवला. धारपांच्या 'समर्थ' कथांत संकटात सापडलेल्याला सोडवणारा कोणी तरी असतो. वाचक घाबरतो, पण शेवटी सुटतो. मतकरींच्या गूढकथेत असा दिलासा मिळेलच असे नाही. तिथे भूत बाहेरून येण्याची गरज नसते, माणसाच्या मनातली हाव पुरते. धारप वाचून मूल दिवा चालू ठेवून झोपते. मतकरी वाचून ते मोठ्या माणसांकडे निरखून पाहते.

अशी भीती किती टिकते? राही अनिल बर्वे यांना १९९३ साली एका मित्राने धारपांची एक कथा तोंडी सांगितली. ती मनातून गेली नाही. त्यातून २०१८ साली 'तुंबाड' चित्रपट आला आणि २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. कथा कानोकान गेली, अगदी दास्तानगोईसारखी.

आता खरा आक्षेप. अशा गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते, असे भले लोक म्हणतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. पण कायद्याने पकडायचा तो भोंदू आणि लेखक यांच्यात फरक आहे. लेखक मुखपृष्ठावरच सांगतो की ही कथा आहे. भोंदू तेच खरे म्हणून सांगतो, पैसे घेतो आणि प्रश्न विचारू देत नाही. पुस्तक मिटता येते. भोंदूच्या दारातून उठणे कठीण असते.

म्हणून आम्ही वर्गात मुलांना विचारतो : भीती कोणत्या ओळीला वाटली? ती ओळ का टोचली? मुले पाने उलटतात, बोट ठेवतात, भांडतात. ज्याला आपल्या भीतीची ओळ दाखवता येते, त्याला गंडा-तावीज विकणे सोपे नसते. पालकांनीही किताब हिसकावण्याआधी हा एक प्रश्न जरूर विचारावा.