धाकट्या बहिणीचा दगा

एका चित्रपटापायी आमच्या घरात आठ दिवस अबोला धरला गेला होता, हे आज कुणाला सांगितले तर खरे वाटायचे नाही. चित्रपट होता १९६९ सालचा ‘इत्तेफाक’. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात त्या वेळी आम्ही अकरा माणसे नांदत होतो. त्यांपैकी सात जण एका शनिवारी रात्री तो चित्रपट पाहून आले, आणि वाड्याचा दरवाजा लागायच्या आतच त्यांच्यात दोन तट पडले. मी तेव्हा चौदा वर्षांचा. मला कुणी मत विचारले नाही. परंतु ऐकण्याची बंदी नव्हती, आणि मी सगळे ऐकले.

रहस्यपटावर लिहायचे म्हणजे रहस्य फोडणे आलेच. ते पाप मी करणार आहे. ज्या वाचकांना तो चित्रपट अद्याप पाहायचा असेल, त्यांनी हे पान मिटून आधी करंज्या संपवाव्यात.

तर गोष्ट अशी. दिलीप रॉय नावाचा एक चित्रकार. त्याच्यावर स्वतःच्या श्रीमंत बायकोच्या खुनाचा आरोप आहे. त्याचे डोके ठिकाणावर नाही असे ठरून त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवतात. तेथून तो एका रात्री निसटतो आणि एका बंगल्यात शिरतो. बंगल्यात रेखा नावाची एकटी बाई. नवरा परगावी गेलेला. आता हा खुनी वेडा त्या गरीब बिचारीचे काय करील, या भीतीने प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येतो. थोड्या वेळाने त्या वेड्याला न्हाणीघरात एक प्रेत दिसते. तो तिला दाखवायला जातो तर प्रेत नाहीसे झालेले! वेड्याला भास झाला, दुसरे काय? आणि अखेरीस उलगडा होतो तो असा की, वेडा शहाणा आहे, प्रेत खरे आहे, ते रेखाच्या नवऱ्याचे आहे, आणि आपल्या प्रियकराच्या संगनमताने त्याचा जीव घेणारी दुसरीतिसरी कुणी नसून ही ‘गरीब बिचारी’च आहे. आयता चालून आलेला वेडा हे तिला मिळालेले घबाड. खून त्याच्या माथी मारला की काम झाले!

दिलीप रॉय झाला होता राजेश खन्ना, आणि रेखा झाली होती नंदा. वाड्यातल्या भांडणाचे मूळ या दुसऱ्या नावात होते.

नंदा ही कोल्हापूरकरांना परकी नव्हती. मास्टर विनायकांची ती मुलगी. ज्यांनी ‘ब्रह्मचारी’ पाहून पोट धरधरून हसण्यात तारुण्य घालवले, त्या पिढीला विनायकराव १९४७ साली अकाली गेले तो दिवस आठवत होता. त्यांच्यामागे घराची घडी विस्कटली आणि ही पोर लहान वयातच ‘बेबी नंदा’ म्हणून कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, हेही ठाऊक होते. पुढे शांतारामबापूंनी ‘तूफान और दिया’मध्ये तिला घेतले ते १९५६ साली. १९५७ च्या ‘भाभी’त ती बालविधवा झाली, १९५९ च्या ‘छोटी बहन’मध्ये आंधळी बहीण, १९६० च्या ‘काला बाजार’मध्ये पुन्हा देव आनंदची बहीण. राखीपौर्णिमा आली की ‘छोटी बहन’मधले गाणे वाजायचे, आणि आमची आजी म्हणायची, “विनायकाची पोर गुणाची हो!” पुढे ती नायिका झाली, रंगीत चित्रपटांतून गाणी म्हणू लागली, पण प्रेक्षकांच्या मनात ती राहिली धाकटी बहीणच.

माझा असा समज आहे की, ‘इत्तेफाक’चे खरे रहस्य कथेत नव्हते, ते या चेहऱ्यात होते. कथा तशी परदेशातून आलेली. माँटी डॉइल या इंग्रज लेखकाचे ‘साइनपोस्ट टु मर्डर’ हे नाटक लंडनमध्ये १९६२ साली रंगभूमीवर आले. त्यावरून हॉलीवूडने जोअन वुडवर्ड हिला घेऊन चित्रपट काढला. मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर ते ‘धुम्मस’ या नावाने उतरले, आणि त्यात बाईची भूमिका सरिता जोशींनी केली. या सरिताबाई मूळच्या मराठी, माहेरच्या भोसले! म्हणजे ही नवरा मारणारी बाई गुजरातीत काय किंवा हिंदीत काय, उभी केली ती मराठी मुलींनीच. यात अभिमान मानावा की चिंता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बी. आर. चोप्रा यांच्या संस्थेने ते नाटक पडद्यावर आणले. त्यांचे धाकटे बंधू यश चोप्रा तेव्हा ‘आदमी और इन्सान’ हा मोठा चित्रपट करीत होते. त्याची नायिका आजारी पडल्यामुळे काम अडले, आणि हात रिकामा ठेवण्यापेक्षा म्हणून हा छोटा चित्रपट जेमतेम महिनाभरात उरकला, असे त्याविषयी नेहमी सांगितले जाते. एक रात्र, बहुतेक एकच घर, पावणेदोन तासांचा खेळ आणि गाणे एकही नाही. सलील चौधरींसारखा संगीतकार घेऊन त्याच्याकडून फक्त पार्श्वसंगीत करून घेतले, ही चैन चोप्रांनाच परवडावी! अर्थात बिनगाण्याचा प्रयोग त्यांना नवा नव्हता. १९६० साली त्यांनी ‘कानून’ काढला होता. त्यातही गाणे नव्हते, त्यातही खून होता, आणि त्यातही नंदा होती. परंतु ‘कानून’मधल्या नंदावर कुणी संशय घ्यावा असे काही नव्हते. तो हिशेब नऊ वर्षांनी चुकता झाला.

‘कानून’ आणि ‘इत्तेफाक’ यांच्या मधे याच संस्थेचा ‘गुमराह’ येतो, १९६३ चा. लग्न आणि फसवणूक या विषयात चोप्रांचे मन किती गुंतले होते हे पाहायचे असेल तर तो विसरून चालणार नाही. त्यात बहीण वारल्यावर तिच्या मुलांसाठी मेव्हण्याशी लग्न केलेली मीना आपल्या पूर्वीच्या प्रियकराला चोरून भेटत असते. मग एक बाई येते, मी त्या प्रियकराची बायको आहे म्हणते, आणि मीनाला धमक्या देऊन पिळू लागते. आपल्या सोलापूरच्या शशिकलाबाईंनी ही भूमिका अशी केली की, पाहणाऱ्याला घाम फुटावा. शेवटी कळते ते असे की, ही बाई कुणाची बायको नाही. ती मीनाच्या नवऱ्याची सेक्रेटरी आहे, आणि हे सारे नाटक नवऱ्यानेच रचले आहे. बायकोला वळणावर आणण्यासाठी! हा चित्रपट सुरू होतो तो सीतेच्या आणि लक्ष्मणरेषेच्या दृश्याने. सहा वर्षांनी त्याच संस्थेच्या चित्रपटातल्या नवरा मारणाऱ्या बाईचे नाव ‘रेखा’ निघावे, हाही एक इत्तेफाकच म्हणायचा.

नवऱ्याने कपट केले ते संसार वाचवण्यासाठी. म्हणून ‘गुमराह’मधला अशोककुमार आमच्या घरात कुणालाच खटकला नाही. ‘केवढा शांत माणूस!’ असे त्याचे कौतुक झाल्याचे मी मोठेपणी ऐकले. बायको कपट करते ते संसार मोडण्यासाठी, हा दुसरा भाग ‘इत्तेफाक’ने पुरवला.

आता पुन्हा त्या शनिवारच्या रात्रीकडे येतो. आईने पिठले टाकले होते. पाटावर बसता बसता नानाकाका म्हणाले, “बया पहिल्यापासून खोटं बोलत होती. मला डोळ्यांवरूनच कळलं होतं.” हे धादांत खोटे होते. थेटरात माझ्या शेजारी ते बसले होते, आणि शेवटचा उलगडा झाला तेव्हा त्यांच्या हातातली भडंगाची पुडी खाली पडली होती. आईची तक्रार वेगळी. नंदाने असली कामे घेऊच नयेत असे तिचे म्हणणे. “ती बिंदू आहे की तसल्या कामाला! तिच्यावर संशय घेतला तर आपल्याला वाईट तरी वाटत नाही.” यात विनोद वाटला तरी आईचे बोट बरोबर जागी पडले होते. संशयासाठी दिग्दर्शकाने बिंदू समोर ठेवली होती, विश्वासासाठी नंदा. गजानन जागीरदारांसारखा, ‘रामशास्त्री’ म्हणून आम्ही पूज्य मानलेला माणूस डॉक्टर म्हणून बसवला होता. प्रेक्षकाने कुणावर भरवसा टाकावा हे त्याच्या गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या चित्रपट पाहण्याने आधीच ठरवून टाकले होते, आणि यश चोप्रांनी तेवढेच हुडकून नेमके तिथे घाव घातला. त्या वर्षीचे दिग्दर्शनाचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांना मिळाले ते काही उगाच नव्हे.

माईआत्या तोवर गप्प होती. ती वडिलांची सर्वांत धाकटी बहीण. नानाकाकांनीच स्थळ पाहून तिला सांगलीस दिली होती. दोन वर्षांनी एका दुपारी ती ट्रंक घेऊन परत आली. तिच्या नवऱ्याचे दुसऱ्या गावात एक बिऱ्हाड होते, लग्नाच्या आधीपासूनचे. ही हकीकत आम्हां मुलांना ठाऊक नसावी असे सर्वांना वाटत असे, आणि आम्हांला ती पाठ होती.

नानाकाकांचे चालूच होते. “नवऱ्याच्या अन्नावर जगायचं आणि त्यालाच फसवायचं! असल्या बाईला फासावर द्यायला पाहिजे.”

माईआत्या शांतपणे म्हणाली, “नाना, बाईनं फसवलं तर फाशी. आणि पुरुषानं फसवलं तर तुम्ही म्हणता, तिनं जरा समजून घ्यायला हवं होतं.”

“वन्सं, मुलं बसलीत समोर,” आई हळूच म्हणाली.

नानाकाका ताटावरून उठले. नवऱ्याचा खून करणे वाईट, हे काय माईआत्येला कळत नव्हते? चित्रपट त्या नवऱ्याविषयी फार काही सांगत नाही, आणि तिला त्याची बाजूही घ्यायची नव्हती. तिला जे विचारायचे होते ते पंधरा वर्षे आमच्या घरात कुणी विचारले नव्हते, आणि त्याला निमित्त झाली ती नंदा. आठ दिवस दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी नानाकाकांनी तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणून देवघराच्या फळीवर ठेवला, एक शब्द न बोलता. तो तिने देवाला वाहिला.

२०१७ साली माझ्या नातीने मला नवा ‘इत्तेफाक’ दाखवायला नेले. बी. आर. चोप्रांचे नातू अभय चोप्रा त्याचे दिग्दर्शक. शेवट कुणी सांगू नये असा आग्रह निर्मात्यांनी धरला होता. ही युक्ती काही नवी नव्हे. लंडनमध्ये १९५२ पासून चाललेल्या ‘माउसट्रॅप’ नाटकाच्या प्रेक्षकांनाही हीच विनंती केली जाते. मी मात्र पहिल्यापासून बाईकडे डोळे लावून बसलो. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा कशाला फसेल? आणि निघाले ते उलटेच! या खेपेस बाई खुनाच्या बाबतीत निर्दोष, आणि दोन्ही खून करून सर्वांना बनवणारा तो पुरुष. नातीला त्याचे काहीच आश्चर्य वाटले नाही. “आबा, मला तर पहिल्यापासून त्याचाच संशय येत होता,” ती म्हणाली. खरे की नानाकाकांच्या जातीचे, देव जाणे.

माईआत्या तो पाहायला राहिली नाही. आदल्या वर्षी ती गेली. पण मार्च २०१४ मध्ये नंदा वारल्याची बातमी आली तेव्हा ती होती. ब्याऐंशी वर्षांची, कानाने अधू, डोक्याने लख्ख. सकाळी वर्तमानपत्र तिच्या हाती दिले. मोठा लेख होता. ‘छोटी बहन’, ‘जब जब फूल खिले’, ‘गुमनाम’, सगळे होते.

“‘इत्तेफाक’चं नाव घातलंय का रे?” तिने विचारले.

मी शोधले. घातले होते, अगदी शेवटाकडे, एका ओळीत.

“वाच.”

मी मोठ्याने वाचले. तिने पुन्हा एकदा वाचायला लावले. मग चष्मा पदराने पुसला, पेन्सिल मागितली आणि मागच्या पानावरचे शब्दकोडे सोडवायला घेतले.