ल बोस्यू (चित्रपट)

ल बोस्यू हा १९९७ साली प्रदर्शित झालेला फ्रेंच साहसपट आहे. ‘बोस्यू’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ कुबडा. दिग्दर्शन फिलिप द ब्रोका यांचे असून दानिएल ओतय, फाब्रिस लुकिनी, व्हँसां पेरेझ, मारी जिलँ आणि फिलिप न्वारे यांच्या प्रमुख भूमिका आहेत. पोल फेव्हाल यांच्या याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे.

मूळ कादंबरी

फेव्हाल (१८१६–१८८७) हे अलेक्झांडर द्युमा यांच्या पिढीतील लोकप्रिय कादंबरीकार. त्यांची ही कादंबरी १८५७ मध्ये पॅरिसच्या ‘ल सिएक्ल’ या दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. दैनिकाच्या वाचकाला उद्याच्या अंकाची ओढ लागावी अशा बेताने लिहिलेल्या या कथेत प्रत्येक प्रकरण एखाद्या पेचावर संपते. १८६२ मध्ये तिचे नाट्यरूपांतर रंगभूमीवर आले. नायकाची प्रतिज्ञा फ्रेंच भाषेत म्हणीसारखी रुळली असून, ज्यांनी कादंबरी उघडूनही पाहिलेली नाही अशांच्या तोंडीही ती असते.

कथानक

कथेचा आरंभ चौदाव्या लुईच्या राजवटीत, सतराव्या शतकाच्या अखेरीस होतो. लागार्देर हा अनाथ तरुण तलवारबाजीवर पोट भरणारा आहे. ड्यूक द नव्हेर यांचा एक गुप्त डाव शिकण्याचा ध्यास त्याने घेतलेला असतो. प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही भुवयांच्या मधोमध टोक रुतवणारा हा डाव ‘नव्हेरचा वार’ म्हणून ओळखला जातो. या ओढीतून दोघांची मैत्री जुळते. ब्लांश द केलूस हिला आपल्यापासून अपत्य झाल्याचे नव्हेरला कळते आणि तो तिच्याशी विवाह करण्यास निघतो. परंतु त्याच्या संपत्तीचा वारस ठरू पाहणारा नातलग गोंझाग हल्ला घडवून आणतो. मुखवटा धारण केलेला गोंझाग नव्हेरला पाठीमागून भोसकतो. लागार्देर त्या अनोळखी मारेकऱ्याच्या हातावर वार करून खूण ठेवतो, मित्राला सूडाचे वचन देतो आणि तान्ह्या ओरोरला घेऊन निसटतो.

पुढची सोळा वर्षे तो एका फिरत्या इटालियन नाटकमंडळीत दडून राहतो व मुलीला वाढवतो. (कादंबरीत ही वर्षे स्पेनमध्ये जातात.) त्यानंतर तो पॅरिसला येतो आणि पाठीवर खोटे कुबड बांधून थेट गोंझागच्याच चाकरीत शिरतो. अखेरीस राज्यपालक फिलिप दोर्लेआँ याच्यासमक्ष वेषांतर उतरते आणि गोंझागचा अंत नव्हेरच्याच वाराने होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१७१५ मध्ये चौदावा लुई वारला तेव्हा त्याचा पणतू पाच वर्षांचा होता; म्हणून १७२३ पर्यंत फिलिप दोर्लेआँने राज्यकारभार पाहिला. याच काळात स्कॉटिश अर्थतज्ज्ञ जॉन लॉ याने १७१६ मध्ये बँक स्थापली आणि मिसिसिपी कंपनीच्या समभागांचा सट्टा सुरू झाला. पॅरिसमधील कँकांप्वा ही अरुंद गल्ली त्याचे केंद्र होती. १७१९ मध्ये भाव गगनाला भिडले, १७२० मध्ये कोसळले आणि असंख्य घरे बुडाली. त्या गर्दीत एक कुबडा सह्या करण्यासाठी आपली पाठ भाड्याने देत असे, अशी आख्यायिका आहे. फेव्हाल यांनी तीच उचलली. कुबडाला हात लावल्यास नशीब उघडते, या समजुतीने सटोडिये त्याच्याभोवती गोळा होतात. त्याच्या चेहऱ्याकडे मात्र कोणी नीट पाहत नाही. वेषांतर यशस्वी होते ते रंगभूषेमुळे कमी आणि या दुर्लक्षामुळे अधिक. कथेतील सर्वांत बोचरे निरीक्षण हेच आहे.

तलवारबाजी

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘तलवार’ म्हटले की बहुधा वक्र पात्याचे, कापणारे शस्त्र येते. येथील शस्त्र सरळ, सडपातळ असून त्याचे टोक महत्त्वाचे. त्यामुळे झुंजीत मनगटाची चपळाई, पावलांचे अंतर आणि हुलकावणी यांना मोल असते. फ्रेंचमध्ये अशा वाराला ‘बोत’ म्हणतात. ‘नव्हेरची बोत’ कादंबरीमुळे इतकी प्रसिद्ध झाली की ती काल्पनिक आहे, हेच अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

निर्मिती आणि मूल्यमापन

द ब्रोका यांनी ‘कार्तूश’ (१९६२) आणि ‘रिओचा माणूस’ (१९६४) या चित्रपटांतून चपळ, हसऱ्या साहसकथेची शैली सिद्ध केली होती; येथेही तीच दिसते. संगीत फिलिप सार्द यांचे आहे. क्रिस्तियां गास्क यांना वेशभूषेसाठी सेझार पुरस्कार मिळाला. लुकिनी यांचा गोंझाग आरडाओरडा न करता थंडपणे दुष्ट वागतो, म्हणून तो अधिक भीतिदायक वाटतो.

चित्रपटाचा शेवट मात्र खटकतो. ज्याने ओरोरला तान्हेपणापासून वाढवले, तिला जो पित्याच्या ठिकाणी होता, त्याच्याशीच तिचे प्रेम जुळते. हा धागा मूळ कादंबरीतला असला तरी एकोणिसाव्या शतकातील वाचकाने जे स्वीकारले ते आजच्या प्रेक्षकाला सहज पचत नाही. लागार्देरचा संकोच दाखवून दिग्दर्शकाने ही अडचण सौम्य केली आहे, दूर केलेली नाही.

अन्य रूपांतरे

या कथेवर मूकपटांच्या काळापासून चित्रपट निघाले. १९४४ मध्ये जाँ दलानुआ यांनी, तर १९५९ मध्ये आंद्रे हुनबेल यांनी ती पडद्यावर आणली. हुनबेल यांच्या चित्रपटात जाँ मारे नायक असून बुरव्हिल यांनी त्याचा साथीदार पासप्वाल रंगवला आहे. जुन्या फ्रेंच प्रेक्षकांच्या मनातला लागार्देर म्हणजे बहुधा मारेच.