न्यूजरीडरची जोडणी आणि इतिहाससाधनांचा प्रश्न : यूझनेटच्या संदर्भात

यूझनेटविषयीचे लेखन बहुधा तेथील गाजलेल्या घोषणांभोवती फिरते. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची आणि त्याच महिन्यात टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची वार्ता यूझनेटच्या चर्चागटांत दिली, हे सर्वश्रुत आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्या मजकुरापर्यंत पोहोचण्याच्या तांत्रिक कृतीचा, म्हणजेच वाचकाचा न्यूजरीडर सर्व्हरला जोडण्याचा, विचार केला आहे. या दस्तऐवजांचे स्वरूप त्या कृतीतूनच उलगडते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये यूझनेटची कल्पना मांडली. संगणक दूरध्वनीवरून एकमेकांना लेख पोहोचवीत आणि वाचक ज्या संगणकावर काम करी, त्यावरच ते साठत. त्यामुळे जोडणीचा प्रश्नच नव्हता. तो निर्माण झाला १९८६ मध्ये, ब्रायन कँटर व फिल लॅप्सली यांच्या आरएफसी ९७७ या दस्तऐवजाने. त्यातील एनएनटीपी या नियमावलीमुळे दूरच्या सर्व्हरवरून हवे तेवढेच लेख मागविता येऊ लागले.

न्यूजरीडर वाचकाला विचारतो ते थोडेच : सर्व्हरचे नाव, पोर्ट क्रमांक (साध्या जोडणीस ११९, सुरक्षित जोडणीस ५६३), आवश्यक असल्यास परवलीचा शब्द, आणि लेखाच्या शीर्षभागी जाणारे नाव व ईमेल पत्ता. पुढे गटांची यादी उतरवून त्यांतून निवड करावयाची. या साऱ्यात ‘यूझनेट’ असे एकच एक ठिकाण कोठेही येत नाही, हे लक्षणीय आहे. वाचक जोडला जातो तो एका सर्व्हरला. तेथे लेख किती दिवस राहावेत, हे त्या सर्व्हरचा चालक ठरवितो.

न्यूजआरसी नावाच्या फाइलची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. वाचलेल्या लेखांचे क्रमांक तीत नोंदले जातात. परंतु ते त्या सर्व्हरपुरतेच खरे असतात. सर्व्हर बदलला की त्याच लेखास निराळा क्रमांक पडतो आणि जुनी नोंद निरुपयोगी ठरते. सर्वत्र कायम राहतो तो लेखाचा मेसेज-आयडी. दप्तरखान्याशी परिचित असणाऱ्यांस हा भेद नवा नाही : पत्र दुसऱ्या रुमालात गेले तरी त्यावरील मिती बदलत नाही. अभ्यासकाने संदर्भ द्यावा तो मेसेज-आयडीचाच.

मुदत संपलेले लेख नष्ट होणे हाच नियम असल्याने जे उरले, ते व्यक्तींच्या आस्थेमुळे. १९८१ ते १९९१ या दशकातील लेख आज मिळतात, ते मुख्यतः हेन्री स्पेन्सर यांनी टोरांटो विद्यापीठात चुंबकीय फितींवर केलेल्या साठ्यामुळे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या डेजा न्यूजचा संग्रह २००१ मध्ये गूगलकडे गेला. ड्यूक विद्यापीठाने २०१० मध्ये आपला सर्व्हर बंद केला. गूगलनेही फेब्रुवारी २०२४ पासून यूझनेटचे नवे लेख घेणे थांबविले.

या साधनांत मराठी भाषकांचाही वाटा आहे. सोक.कल्चर.इंडियन.मराठी हा त्यांचा स्वतंत्र गट होता. तत्कालीन व्यवस्था अ‍ॅस्की वर्णसंचावर उभी असल्याने मराठी मजकूर रोमन लिपीत लिहावा लागे. एकाच शब्दाची वर्णरचना लेखकागणिक बदलते. केवळ शब्दशोधाने हे लेख पुरते हाती लागत नाहीत, ते तारीखवार वाचूनच काढावे लागतात.