मनगटापासून तीन बोटं

ताईला दिवस गेले तेव्हा डोहाळे इतके कडक होते, की शेजारच्या घरात फोडणी पडली तरी ती नाक दाबून गॅलरीत पळायची. दोन महिने होत आले होते. एके दिवशी तिच्या दोन्ही मनगटांवर करडे विणलेले पट्टे दिसले, आतल्या बाजूला प्लॅस्टिकचं छोटं बटण असलेले. ऑनलाइन मागवले होते. "इथे दाब पडला की मळमळ कमी होते म्हणे. अॅक्युपंक्चरची जागा आहे," ती म्हणाली.

मी सॉफ्टवेअरवाला, पुराव्याशिवाय न बोलणारा. "ताई, प्लासिबो आहे हा," असं सांगून मोकळा झालो. ती काही बोलली नाही. पट्टे मात्र तिने काढले नाहीत.

तिला चूक ठरवायला म्हणून मी रात्री वाचायला बसलो.

त्या जागेचं चिनी नाव नेइग्वान, डॉक्टरी शोधनिबंधांत पी-६. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या लागणाऱ्या कंडरांच्या मधोमध. चीनमध्ये ती शेकडो वर्षं माहीत होती. पण पश्चिमेकडच्या गरोदर बायका तिच्याकडे का वळल्या, हे समजून घ्यायला आधी एका गोळीची गोष्ट सांगायला हवी.

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. शांत झोपेचं निर्धोक औषध म्हणून त्याची जाहिरात होत होती, आणि पुढे अनेक देशांत ते गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं गेलं. १९६१च्या नोव्हेंबरात ते जर्मनीतून मागे घेतलं गेलं, पण तोवर फार उशीर झाला होता. जगभरात १०,०००हून अधिक बाळं हातापायांत किंवा इतर अवयवांत व्यंग घेऊन जन्मली. साध्या मळमळीवरच्या गोळीने हे केलं होतं. त्यानंतर पोटुशी बाई औषधाच्या गोळीकडे पूर्वीसारखी बघू शकली नाही.

ही भीती किती खोल गेली, ते १९८३ साली दिसलं. डॉक्सिलामिन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची एक गोळी अमेरिकेत मळमळीवर सर्रास दिली जायची. तिच्यामुळे बाळांत व्यंग येतं असे खटले उभे राहिले. अभ्यासांत तसं सिद्ध झालं नाही, तरीही कंपनीने ती बाजारातून काढली. तेच मिश्रण अमेरिकेत परतायला २०१३ उजाडलं. आपल्याकडे डॉक्टर आजही ते देतात. ताईच्या डबीतही तीच गोळी होती.

मधल्या काळात सुई अमेरिकेच्या घराघरांत चर्चेला आली. १९७१च्या जुलैत पत्रकार जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नंतर पोटात होणाऱ्या त्रासावर त्यांना सुया टोचल्या गेल्या आणि तो अनुभव त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिला. पोटात काही न जाता आराम पडू शकतो, ही कल्पना गोळीला घाबरलेल्या बाईला किती मोठी वाटली असेल!

१९८८ साली बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. ३५० गरोदर बायका, तीन गट. एका गटाने पी-६ दाबायचं, दुसऱ्याने कोपराजवळची भलतीच जागा, तिसऱ्याने काहीच नाही. जास्त त्रास झाल्याचं सांगणाऱ्या बायका पी-६ गटात सर्वांत कमी होत्या. पण भलती जागा दाबणाऱ्यांतही त्या काहीच न करणाऱ्यांपेक्षा कमी निघाल्या.

मग २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५९३ बायका, चार गट, चार आठवडे. एका गटाला लक्षणं विचारून पारंपरिक पद्धतीने सुया, दुसऱ्याला फक्त पी-६वर, तिसऱ्याला चुकीच्या जागी आणि चौथ्याला सुयाच नाहीत. पारंपरिक गटाची मळमळ पहिल्याच आठवड्यापासून कमी झाली, पी-६ची दुसऱ्यापासून, आणि चुकीच्या जागी सुया घेणाऱ्यांचीही तिसऱ्यापासून. उलट्यांमध्ये मात्र चारही गटांत कधीच फरक पडला नाही.

इथे मी अडखळलो. गरोदरपणातली मळमळ आपोआप उतरते, म्हणून बऱ्या झाल्या असं म्हणावं, तर तुलनेला चौथा गट होताच. सुईच्या जागेचंच श्रेय म्हणावं, तर तिसरा गट आडवा येतो. उरतं काय? दर आठवड्याला कुणीतरी वेळ देतं, अंगाला हात लावतं, त्रासाची दखल घेतं. प्रयोगात आम्ही ज्याला 'प्लासिबो' म्हणून बाजूला काढतो, त्यात हे सगळं येतं. ताईला तिच्या डॉक्टरांनी दीड मिनिटात सांगितलं होतं, "हे सगळ्यांनाच होतं."

अर्थात पाणीही टिकत नसेल, तर पट्टा पुरत नाही, दवाखानाच गाठावा लागतो. तेवढं मी ताईला सांगितलं, आणि मग जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं : तुला या पट्ट्यांकडून काय हवं होतं?

"गोळी घेतली की दिवसभर झोप," ती म्हणाली. "आणि प्रत्येक गोळीला बाळाची धास्ती. पट्ट्याने उलट्या काही थांबल्या नाहीत. पण मळमळायला लागलं की दाबायला हाताशी काहीतरी होतं. तोवर नुसतं सोसायचंच होतं ना."

दुसऱ्या दिवशी एक पट्टा सैल झाला होता. मनगटापासून तीन बोटं मोजून मी तो तिला नीट बांधून दिला.