कळकणारं ताक, न कळकणारं दूध

नागपूरच्या मनीषनगरापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर भंडारा आहे, पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. नागपूरकडच्या घरांत लग्नाच्या रुखवतात पितळ मांडलं जायचं, आणि स्टील आल्यावर तेच पितळ मोडीत गेलं. हल्ली ते पुन्हा हौसेनं घेतलं जातं, आणि त्याबरोबर दोन ठरलेली मतंही ऐकू येतात: पूर्वजांना सगळं कळत होतं, किंवा त्यांना काहीच कळत नव्हतं. लहान मुलांच्या यकृताच्या एका आजाराचा इतिहास पाहिला तर दोन्ही मतं अपुरी ठरतात. पितळेतल्या तांब्याचा दोष परंपरेला ठाऊक होता, पण जिभेला कळेल तेवढाच, असं माझं म्हणणं आहे.

या जाणिवेचा पुरावा म्हणजे कल्हई. कल्हईवाला भात्यानं कोळसे फुलवायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकून आतून घासायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवून बोळ्यानं ते सगळीकडे फिरवायचा आणि भांडं पाण्यात बुडवायचा. एवढा खटाटोप कशासाठी? तर उघड्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी कळकते, चव बिघडते आणि पोटात ढवळतं. राखेनं घासून कल्हई उडाली की आंबट पदार्थ त्या भांड्यात ठेवायचा नाही, हे घरोघरी माहीत होतं. दूध मात्र कळकत नाही. त्यातलं केसिन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं. रंग तोच, चवही बहुधा तीच. त्यामुळे ज्या पातेल्यात कुणी ताक ठेवलं नसतं, त्यात तान्ह्या बाळाचं दूध तापवून तासन्‌तास ठेवलं जाई.

१८८७ मध्ये कोलकात्यात बालकांच्या एका यकृतविकाराची नोंद झाली. पुढे तो ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ म्हणून ओळखला गेला. सहा महिने ते तीन-चार वर्षांची मुलं, वाढलेलं टणक यकृत, मग कावीळ, आणि बहुतेकदा मृत्यू. एकाच घरात दुसरं मूलही दगावायचं, म्हणून आनुवंशिकतेवर संशय होता. १९७०च्या दशकाअखेरीस या यकृतांत तांब्याचे प्रचंड साठे दिसले. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. इथे ते हजारापलीकडे जाई. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी मग चुलीकडे लक्ष वळवलं. १९८३ च्या ‘लॅन्सेट’मधल्या लेखात त्यांनी पितळी भांड्यात तापवलेल्या, फार लवकर सुरू केलेल्या वरच्या दुधावर बोट ठेवलं. १९८७ मध्ये आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना करून हा संशय त्यांनी बळकट केला. त्याच वर्षी, तांबं बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइननं मृत्यू कमी होतात हेही त्यांनी दाखवलं.

पितळ तर शतकानुशतकं होतं, मग आजार एवढ्यातच कसा, असा आक्षेप घेता येईल. पण नोंद नसणं म्हणजे आजार नसणं नव्हे; बालमृत्यूंच्या त्या काळात कावीळ होऊन गेलेल्या मुलाचं यकृत कोण तपासणार होतं? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: त्याच भांड्यातलं दूध पिऊन असंख्य मुलं ठणठणीत राहिली. त्याला उत्तर ऑस्ट्रियातल्या टायरोलमध्ये मिळतं. तिथे १९०० ते १९७४ दरम्यान कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांतलं दूध प्यायलेली १३८ बालकं अशाच आजारानं गेली, आणि घराण्यांच्या वंशावळी पाहता आनुवंशिक दोषही स्पष्ट दिसला. भांडी बदलली तसा आजार संपला. म्हणजे दोष रक्तात असेलही, पण त्याला वाट करून दिली ती भांड्यानं. स्टील तसंही येतच होतं, मग श्रेय डॉक्टरांना कशाला, असं कुणी म्हणेल. स्टीलनं आजार हटवला हे बऱ्याच अंशी मान्य. स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणीचा त्यातला वाटा डॉक्टरांपेक्षा मोठाही असेल. पण ती का उपयोगी पडली, हे पुण्यातल्या कामामुळेच कळलं.

शरीर स्वतः तांब्याबाबत किती सावध असतं, हे नंतर उलगडलं. पेशीत सुटं तांबं जवळपास नसतंच. १९९६ मध्ये यीस्टमध्ये ‘कॉक्स-१७’ हे प्रथिन सापडलं. माणसातलं त्याचं रूप अवघ्या ६३ अमिनो आम्लांचं आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या दोन पडद्यांमधल्या जागेत ते तांबं ‘स्को-१’सारख्या प्रथिनांच्या हवाली करतं, तिथून ते श्वसनसाखळीच्या शेवटच्या एन्झाइममध्ये बसतं. स्को-१ बिघडलं तर नवजात बाळाचं यकृत निकामी होऊ शकतं, हे २००० मध्ये दिसलं. हा आजार वेगळा; त्यात तांबं योग्य जागी पोचत नाही, तर पितळी भांड्यांच्या आजारात ते नको तितकं साठतं. पुण्याच्या डॉक्टरांनी पाहिलेल्या मुलांमध्ये नेमकं कोणतं जनुक कमकुवत होतं, हे मात्र ठरलेलं नाही, आणि ते शोधायला लागणारे रुग्ण आता जवळपास उरलेले नाहीत.