पगडी

पगडी : पुरुषांच्या शिरोवेष्टनाचा एक प्रकार. लांब वस्त्राच्या घड्या विशिष्ट आकारात बसवून व टाके घालून पगडी कायमची बांधलेली असते. त्यामुळे टोपीप्रमाणे ती डोक्यावर ठेवता व उतरविता येते. पागोटे, फेटा, मुंडासे व रुमाल ही मात्र प्रत्येक वेळी डोक्याभोवती गुंडाळावी लागतात. पेशवाईपासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत महाराष्ट्रातील प्रतिष्ठित पुरुषाच्या नित्याच्या पोशाखात पगडीला महत्त्वाचे स्थान होते. घालणाऱ्याची जात, व्यवसाय व तो कोणत्या दरबाराशी संबंधित आहे, हे पुष्कळदा पगडीवरून ओळखता येई. तिचा इतिहास हा म्हणूनच सामाजिक दर्जाचाही इतिहास ठरतो.

भारतात शिरोवेष्टनाची प्रथा प्राचीन आहे. अथर्ववेदात ‘उष्णीष’ या शब्दाने त्याचा निर्देश आढळतो. सांची, भारहूत, तसेच महाराष्ट्रातील भाजे व कार्ले येथील शिल्पांत पुरुषांच्या मस्तकांवर ठळक गाठींची शिरोवेष्टने कोरलेली दिसतात. मध्ययुगात सुलतानी व मोगल दरबारांच्या संपर्कामुळे बांधणीचे नवे प्रकार आणि त्यांवरील अलंकार रूढ झाले.

पगडी बांधण्याचा व्यवसाय करणाऱ्यास पगडबंद म्हणत. अरुंद, पण कित्येक हात लांब अशा तलम कापडास तो पीळ देई, लाकडी कालबुतावर त्याचे वेढे बसवी व ते टाक्यांनी पक्के करी. चंदेरीचे तलम कापड या कामासाठी विशेष नावाजलेले होते. पगडी घरी धुता येत नसे. ती मळली किंवा सैल झाली, की उलगडून नव्याने बांधून घ्यावी लागे. साहजिकच ती बाळगणे हेच सुस्थितीचे लक्षण समजले जाई. बांधणीचे काम कारागिराकडे गेल्यामुळे आणखी एक परिणाम घडून आला. पागोट्याचा आकार बांधणाऱ्याच्या हाताप्रमाणे बदलतो. पगडीचा आकार मात्र ठरीव असतो. परिणामी, एकेका समाजाची व दरबाराची पगडी निश्चित होत गेली. पुणेरी पगडी, होडीच्या आकाराची शिंदेशाही पगडी, होळकरशाही पगडी, पारशी समाजाची ताठ व चकचकीत पगडी हे त्यांतील काही परिचित प्रकार होत.

पेशवेकालीन वेशभूषेची कल्पना जेम्स वेल्स या ब्रिटिश चित्रकाराने १७९२ च्या सुमारास पुण्यात रंगविलेल्या सवाई माधवराव व नाना फडणीस यांच्या चित्रावरून येते. अंगरखा, शेला किंवा उपरणे, कानात भिकबाळी, पायांत जोडा व मस्तकी पगडी असा संभाविताचा वेश असे. शिरपेच, तुरा, कलगी व मोत्यांचे सर हे पगडीचे अलंकार होते. दरबारातून मिळणाऱ्या मानाच्या वस्त्रांस सिरपाव म्हणत. मस्तकापासून पायांपर्यंतचा पोशाख असा या मूळच्या फार्सी शब्दाचा अर्थ आहे. बोडक्या डोक्याने दरबारात जाणे अशिष्ट मानले जाई. दुसऱ्याच्या पायांवर आपले पागोटे ठेवणे ही शरणागतीची अखेरची खूण होती.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षण घेतलेल्या वर्गाने कोट स्वीकारला, परंतु पगडी सोडली नाही. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक प्रभृतींच्या छायाचित्रांत कोट वा अंगरखा व उपरणे यांच्या जोडीला पगडी दिसते. याच काळात शिरोवेष्टनातून व्यक्त होणारी विषमताही चर्चेत आली. महात्मा जोतीराव फुले पागोटे वापरीत. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभास भरजरी पोशाखातील निमंत्रितांत ते शेतकऱ्याच्या वेशात उपस्थित राहिले आणि खरी रयत कशी राहते, हे त्यांनी राजपुत्राच्या निदर्शनास आणले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पगडी नित्य वापरातून गेली. पुरुष डोक्यावर सर्वत्र केस राखू लागले. शहरी नोकरीत सुटसुटीत टोपी सोयीची ठरली. १९२० नंतर असहकाराच्या चळवळीबरोबर खादीची पांढरी टोपी सर्वत्र पसरली. तिला कापड थोडे लागे, ती घरी धुता येई व घडी करून खिशात ठेवता येई. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वकील, शेतकरी व गिरणी कामगार यांची टोपी एकच होती. पगडीने डोक्यावर मांडलेले भेद निदान दिसण्यापुरते तरी या टोपीने पुसले. पुढे शहरांत टोपीही मागे पडली. ग्रामीण भागात मात्र लग्नकार्यात व दुखवट्यात टॉवेल-टोपी देण्याच्या रूपाने मस्तकाचा मान राखण्याची रीत टिकून आहे. मुंबईत जुन्या भाड्याच्या जागेसाठी घेतल्या जाणाऱ्या अधिमूल्यास ‘पागडी’ म्हणतात. अशा अधिमूल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये मान्यता मिळाली.

आज पगडी मुख्यत्वे सत्कार, विवाह, नाटके व उत्सव यांत दिसते. पुणेरी पगडीस २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. नित्य वापर संपला, तरी पगडीशी निगडित असलेला दर्जाचा प्रश्न संपलेला नाही. जून २०१८ मध्ये पुण्यातील सभेत शरद पवार यांनी सत्कारासाठी पुणेरी पगडीऐवजी फुले यांचे पागोटे वापरावे, असे आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांस सांगितले व त्यावरून राज्यभर चर्चा झाली. सत्काराच्या वेळी कोणते शिरोवेष्टन निवडावे, या प्रश्नात महाराष्ट्राने कोणती परंपरा आपली मानावी, हा जुना वाद कायम आहे.