रविवारची सुट्टी : कोणाला मिळाली, कोणाची राहिली?



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘नोकरी आणि संसार यांचा मेळ’ या विषयावर काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. या विषयावर उपदेश पुष्कळ झालेला आहे. पहाटे उठावे, कामाची आखणी करावी, मन प्रसन्न ठेवावे, हे सारे आपण ऐकतो आणि मान डोलावून पुन्हा ओट्याशी उभ्या राहतो. मी शाळेत पुष्कळ वर्षे इतिहास शिकविला. म्हणून उपदेश बाजूला ठेवून एक इतिहासच सांगते. तो आपल्या मुंबईचा आहे, आणि घराघरांतल्या दिनदर्शिकेवर लाल अक्षरात छापलेला असतो. तो म्हणजे रविवार.

रविवारची सुट्टी आपल्याला चंद्रसूर्याइतकी जुनी वाटते. वास्तविक शेतकऱ्याच्या घरी अशी सातव्या दिवसाची सुट्टी नव्हती. तेथे सणवार होते, अमावास्या होती, पावसाची उघडीप होती. पण शेतातले काम थांबविणे बरेचसे माणसाच्या हाती असे. गिरणीत ते भोंग्याच्या हाती गेले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढील तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळ्याकडे धुरांडी उभी राहिली. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. म्हणजे दिवस जितका मोठा, तितके काम मोठे. उन्हाळ्यात तेरा-तेरा तास भरत. यंत्रे बंद ठेवलेल्या रविवारीही ती साफ करण्यासाठी कामगारांना बोलावून घेत, आणि अर्धा दिवस त्यात जाई.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्यांनी येथे हा विषय लावून धरला होता. तिकडे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनाही हिंदी गिरण्यांची स्पर्धा डोळ्यांत खुपत होती, त्यामुळे कायद्याच्या पाठीशी निव्वळ कळवळा होता असे म्हणता येत नाही. या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि बारा वर्षांखालील मुलांचे काम नऊ तासांवर आणले. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांविषयी, मग ते पुरुष असोत की बाया, त्यात काहीच नव्हते.

येथे नारायण मेघाजी लोखंडे पुढे येतात. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. मांडवीच्या गिरणीत त्यांनी भांडारपालाचे काम केले होते, आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. मागण्या पाहा: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामात इजा झाल्यास भरपाई. आज या मागण्या फार माफक वाटतील. त्या वेळी त्यांतली रविवारची मागणी मान्य होण्यास आणखी सहा वर्षे लागली.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. या सभेत दोन स्त्रिया बोलावयास उभ्या राहिल्या. मला ही गोष्ट सर्व इतिहासात मोठी वाटते. सभेत स्त्रीने बोलणे हेच तेव्हा नवल होते, आणि या तर गिरणीत राबणाऱ्या बाया. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने ती सर्वांना दिली. बायांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले, त्यांना दीड तास विसावा दिला आणि रात्रपाळीस मनाई केली. स्वतः लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये, रुग्णांची सेवा करीत असता, वारले.

पुढची वाट मी भराभर सांगते. १९२२ साली आठवड्याचे तास साठ झाले, १९३४ साली चोपन्न आणि १९४८ च्या कायद्याने अठ्ठेचाळीस. तासांचा हिशेब असा उतरत गेला. पण हा हिशेब गिरणीच्या फाटकाशी सुरू होई आणि फाटकाशीच संपे.

बायांचे काम बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत असे. मजुरी उक्त्यावर, वर देखरेखीला नायकीण. घरी तान्हे मूल असेल तर त्याचे काय करावे? अनेकींनी जे केले ते सांगताना आजही जीव गलबलतो. मूल आईवाचून रडू नये म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी देत आणि मग कामावर जात. त्या आयांना दोष देण्यापूर्वी आपण एवढे ध्यानात घ्यावे, की गिरणीत पाळणाघर नव्हते, घरी राहिल्यास मजुरी नव्हती, आणि भोंगा कोणासाठी थांबत नव्हता. बाळंतपणाच्या रजेचा भत्ता देणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. देशातला तो पहिलाच. १९२८ साली कौन्सिलात त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. पन्नासांहून अधिक बाया असलेल्या कारखान्यात पाळणाघर पाहिजे, हे १९४८ च्या कायद्याने ठरविले. १९६१ साली बाळंतपणाची रजा सर्व देशासाठी बारा आठवडे झाली, २०१७ साली सव्वीस.

माझ्या सासूबाई लालबागला चाळीत राहत आणि वाइंडिंग खात्यात पहिल्या पाळीला जात. रविवारी मामंजी भजनी मंडळात जात, दीर पत्ते कुटीत. सासूबाई गोधड्या धूत, आठवड्याचे दळण निवडून पिठाच्या गिरणीत नेत, रॉकेलच्या रांगेत उभ्या राहत, आणि रविवार म्हणून दोन पदार्थ जास्त करीत. त्या म्हणत, ‘‘गिरणीला सुट्टी असते गं, चुलीला नसते.’’ तक्रार म्हणून त्या हे बोलत नसत. पाऊस पडतो म्हणावे तसे बोलत. घरात माया नव्हती असे मुळीच नाही. मामंजींनी त्यांना कधी उलट शब्द बोलला नाही. पण ज्या सुट्टीसाठी महालक्ष्मीच्या मैदानावर दोन बाया बोलल्या, ती सुट्टी घरात शिरताना उंबऱ्याशी अडली, हे कोणाच्या लक्षातच आले नाही.

तो काळ गेला, असे कोणी म्हणेल. गिरण्या गेल्या हे खरे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे रूप पालटले आणि आज तेथे उंच इमारती दिसतात. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडाही झाला. पण सरकारनेच २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली, तिचे आकडे पाहा. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात, पुरुषांचे ९७. शिवाय घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात एक्याऐंशी, पुरुष सव्वीस. २९९ मिनिटांना सातांनी गुणले तर आठवड्याचे जवळजवळ पस्तीस तास होतात. कायद्यातल्या अठ्ठेचाळीस तासांत हे तास कोठेही धरलेले नाहीत.

आता जरा अवघड गोष्ट लिहिते. आपल्यापैकी पुष्कळजणी नोकरी करू शकतात, मंडळात येऊ शकतात, त्या आपल्या घरी मोलकरीण येते म्हणून. तिचा रविवार कोणता? १९८० साली पुण्यात मोलकरणींनी कामे बंद ठेवून पगार आणि रजा यांसाठी आवाज उठविला होता. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदाही झाला. तरी एखाद्या दिवशी ती आली नाही की आपला पहिला प्रश्न ‘‘बरी आहेस ना?’’ हा असतो, की ‘‘अशी न सांगता कशी राहिलीस?’’ हा असतो, ते जिचे तिने पाहावे. आपला मोकळा वेळ जर तिच्या वेळेतून कापून घेतलेला असेल, तर गिरणीमालकाला नावे ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार?

या साऱ्या इतिहासातून मला एक गोष्ट उमगली. सुट्टी कोणाला मनाच्या प्रसन्नतेने मिळाली नाही. ती मागावी लागली, तिचा दिवस ठरवावा लागला आणि तो सर्वांनी मिळून पाळावा लागला. एकट्या बाईने घरात ‘‘आज मी काम करणार नाही’’ म्हटले तर तो रुसवा ठरतो. दहा घरांनी ठरविले तर ती रीत होते.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी दोन कलमांचा ठराव मांडणार आहे. पहिले, प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या घरच्या मोलकरणीला आठवड्याचा एक दिवस, पगार न कापता, ठरवून सुट्टी द्यावी. दुसरे, त्या दिवशीचे काम घरातल्या सर्वांनी, मुलगे आणि पुरुष धरून, वाटून करावे. ते निमूटपणे आपल्याच अंगावर घेऊ नये. ‘‘आमच्याकडे हे जमायचे नाही’’ असे म्हणणाऱ्या भगिनींनी सभेला अवश्य यावे आणि का जमत नाही ते सांगावे. सहा वर्षे गिरणीमालकही तेच म्हणत होते.